आप्पांनी माग बंद केला

सायकलवाल्या मंडळींनो, शर्यतीची आजची डोंगरातली स्टेज बघितलीत ना? ग्रुपवर तुम्ही सगळे जिंकणाऱ्यासाठी ओरडत होता. आमच्या वडगावच्या घरात वेगळंच घडलं.

मी पॉवरलूमशेजारी बसून मोबाईलवर बघत होतो. त्या खडखडाटात कॉमेंट्री ऐकू येतच नाही. दिवसभर पुढं असलेला तो पोरगा शेवटच्या चढावर पार गळाला आणि एकेक जण त्याला ओलांडून गेला. तेवढ्यात आमचा माग थांबला.

माग असा मधेच थांबला की धागा तुटलेला असतो. मी सवयीनं उठलो.

"बस रं, धागा धड हाय." माझे वडील, आप्पा, पाठीशी येऊन उभे होते. "त्यो वर पोचूदे आधी."

तो पोचेपर्यंत आम्ही दोघंही बघत राहिलो. मग आप्पांनी विचारलं, "कणकुंबीच्या चढाला तुझं बी असंच हुतंय?"

"व्हय."

"मग वर कोण थांबतंय तुझ्यासाठी?"



रविवारी आपल्या राइडला त्या चढाच्या टोकाला पाण्याची बाटली घेऊन एक म्हातारा उभा दिसला, तर हात करा. माग बंद ठेवून आलेला असेल. मला यायला लई वेळ लागतो. तोवर त्याच्याशी कोण बोलत थांबेल?