आर्डिस टॉलेफसनची पायपेटी

मध्यंतरी आमच्या न्यू हॉल्डनमध्ये अशी कुजबुज होती की, आर्डिस टॉलेफसनचं शेजारच्या बेकर फॉल्स गावच्या म्युझियमवाल्यावर मन बसलंय. नाहीतर सत्तरी ओलांडलेली विधवा बाई आपल्या म्युझियममध्ये आलेला प्रत्येक प्रवासी त्याच्याकडे कशाला पिटाळेल? ही कुजबुज कुठून सुरू झाली ते मला विचारू नका. मी आर्डिसच्या शेजारी राहते आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी म्युझियमच्या दारासमोर उघडते, एवढंच सांगते.

कुजबुज खोटी होती. बेकर फॉल्सच्या त्या म्हाताऱ्यानं चर्चच्या सहलीत आर्डिसच्या बटाट्याच्या सॅलडला नावं ठेवली, तेव्हापासून ती त्याच्याशी हवापाण्याबद्दलसुद्धा बोलत नाही. आणि मिनेसोटात माणसं एकमेकांशी हवापाण्याबद्दल बोलेनाशी झाली की समजावं, संबंध कायमचा संपला.

खरं कारण वेगळंच. आर्डिसला आपल्या वस्तूचं कौतुक करताच येत नाही. तसं ते आमच्यापैकी कुणालाच येत नाही म्हणा, पण आम्ही निदान म्युझियम चालवत नाही.

म्युझियम म्हणजे आमचं जुनं रेल्वे स्टेशन. आत न्हाव्याची एक खुर्ची आहे, गावातल्या बायकांनी आपापली नावं भरतकामात घातलेली एक गोधडी आहे, आणि मधोमध पायपेटी. ती चर्चची. टोर्नेडो आला त्या वर्षी चर्चचं छप्पर एका दिशेला गेलं, भिंती दुसऱ्या दिशेला, आणि पायपेटी तेवढी वादळानं उचलून मक्याच्या शेतात सरळ उभी करून ठेवली. एक पट्टी मोडली नाही. हमरस्त्यावर तशी पाटीच आहे. उन्हाळ्यात टपावर सायकली बांधून निघालेली कुटुंबं ती वाचून आमच्याकडे वळतात. मग आर्डिस त्यांना पायपेटी दाखवते.

"म्हणजे ही वादळानं उचलली होती?" पाहुणे डोळे विस्फारून विचारतात.

"उचलली होती खरी. पण वादळं काय, सगळीकडेच येतात."

"आणि काही मोडलं नाही? कमालच आहे!"

"एक पट्टी अडकते की, हवा दमट असली म्हणजे. तुम्ही असं करा, बेकर फॉल्सला जा. तिथं अख्खं इंजिन आहे. पोरांना आत बसू देतात."

इंजिन म्हटल्यावर पोरं आईबापांना ओढतच गाडीत नेतात. आर्डिस दारात उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवते.

जे सांगायला हवं, ते ती कुणालाच सांगत नाही. वादळानंतरच्या रविवारी चर्च नव्हतं, म्हणून गाव त्याच शेतात बादल्या उपड्या घालून बसलं, आणि दोन वेण्या घातलेल्या एका पोरीनं त्या पायपेटीवर सगळी प्रार्थनागीतं वाजवली. माझी आई म्हणायची, पुरुषांना रडताना तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती पोरगी म्हणजे आर्डिस. तिला विचारा, म्हणेल, "कुणीतरी पाय मारायला हवेच होते."

सोमवारी म्युझियम बंद असतं. तेव्हा ती आतून कडी लावून वाजवत बसते. तिला वाटतं, कुणाला ऐकू जात नाही. मी खिडकी उघडी ठेवून भांडी घासते.

गेल्या वसंतात जिल्ह्याच्या मोठ्या म्युझियमला नवे संचालक आले, एलियट विदरबी, थेट बॉस्टनहून. माणूस गोड. गावोगावची छोटी म्युझियमं बघत बघत आमच्याकडेही आले. मी लिंबाच्या वड्या घेऊन तिथंच होते. (योगायोगानं.) पायपेटीभोवती फिरताना त्यांना काय करू न् काय नको असं झालं.

"काय वस्तू आहे! आमच्याकडे असती, तर बरोबर दर्शनी दालनात ठेवली असती!"

"मग घेऊन जा की," आर्डिस म्हणाली. "इथं नुसती जागा अडवते."

आता हे असं बोलायचंच असतं. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा 'कशाला उगाच' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं, की 'एवढं म्हणताय तर' असं पुटपुटत वडी उचलायची. पहिलं विचारणं म्हणजे नुसतं खाकरणं.

विदरबींनी मात्र आर्डिसचे दोन्ही हात धरले. "खरंच? फार फार आभारी आहे! गुरुवारी ट्रक पाठवतो!"

ते गेल्यावर मी तिच्यावर उखडले. "अगं, सांग ना त्यांना, की ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं!"

"आता कसं सांगू? किती खूश झाला बिचारा."

"मग मी सांगते."

"खबरदार, मार्लिस! लोक म्हणतील, आर्डिस हावरट आहे."

त्या आठवड्यात तिनं सोमवारी वाजवलं, मंगळवारी वाजवलं, बुधवारीही वाजवलं. माझी भांडी इतकी लख्ख कधी निघाली नव्हती.

गुरुवारी ट्रक आला. चालवायला आमच्याच गावचा ड्वेन ब्यॉर्क. विदरबी जातीनं हजर. आर्डिसनं कॉफी केली होती आणि पायपेटीला इतकं मेण लावलं होतं की, त्यात तोंड दिसावं. निरोप देताना तिचा हात झाकणावरून काही उचलेना. विदरबींच्या ते लक्षात आलं.

"मिसेस टॉलेफसन, तुमची नक्की हरकत नाही ना?"

"छे हो. न्या तुम्ही."

"बघा हं. मन होत नसेल तर—"

"कशाला उगाच. न्या."

मी वड्यांची ताटली खाली ठेवली. दोनदा झालं होतं. मी त्या बॉस्टनवाल्याच्या तोंडाकडे अशी बघत राहिले, की त्याच्या जागी दगड असता तरी बोलला असता. पण त्यानं मान डोलावली आणि ड्वेनकडे वळून म्हणाला, "चला, उचला."

ड्वेननं पट्टे सोडले, एक पायपेटीखालून घातलाही. मग थांबला. टोपी काढून डोकं खाजवलं.

"काय आर्डिस," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "चढवू ना मग? का राहू दे इथंच?"

आर्डिसनं एप्रनला हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"आता तू एवढं म्हणतोयस, तर राहू दे, ड्वेन. तुला गैरसोय होणार नसेल तर."

"मला कसली गैरसोय?" म्हणत ड्वेननं पट्टे गुंडाळलेसुद्धा, जसा काही तेवढ्यासाठीच आला होता.

विदरबी कधी तिच्याकडे बघत होते, कधी ड्वेनकडे. माणूस चिडला नव्हता. पार गोंधळून गेला होता.

"पण मिसेस टॉलेफसन, तुम्हाला द्यायची नव्हती, तर मला तसं सांगितलं का नाहीत?"

आर्डिसनं वड्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"तुम्ही दोनदाच विचारलंत," ती म्हणाली.