पाण्यावरचं काळं मडकं

सौंसरहून बोरगावकडे जाताना डांबरी रस्ता सोडून खाली उतरलं की संत्र्याची एक बाग लागते, आणि बाग संपली की तलाव. तलावाच्या काठाला दोन खोल्यांचं घर आहे. इतक्या काठाला, की पावसाळ्यात पायरीवर बसल्या बसल्या पाय धुता येतात. हे घर बांधलं तेव्हा सगळ्या सोयऱ्यांनी देवीदासला वेड्यात काढलं होतं. गड्यानं उभी नोकरी पांढुर्ण्याच्या लोकांना नळाचं पाणी सोडण्यात घालवली. पेन्शन लागल्यावर अशा माणसाला पाण्याचा वीट यायला हवा. याला मात्र पाण्याशेजारीच मरायचं होतं. तसं तो बोलूनही दाखवायचा, आणि त्याची बायको सुशीला म्हणायची, "मराचं असन तं मरा, पन आंधी दळण आणून द्या."

ही गोष्ट त्या सुशीलाबाईची आहे.

पांढुर्ण्यात असताना ती ब्लाउज शिवायची. गल्लीतल्या बायका माप द्यायला यायच्या खऱ्या, पण तिला टेपची गरज पडत नसे. दारातून येणाऱ्या बाईकडे एकदा पाहिलं की छाती-कंबर तिच्या डोळ्यांत उतरायची. कोणी अंग चोरून घट्ट माप सांगितलं तरी ती गुपचूप शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, सोडायची, आणि दिवाळीनंतर तीच बाई उसवून घ्यायला यायची. तलावावर आल्यावर शिवायला कोणी उरलं नाही. मशीन कोपऱ्यात झाकून ठेवली. नागपूरला नोकरी करणाऱ्या रोशननं, तिच्या पोरानं, आईचा जीव रमावा म्हणून लांबचं जवळ ओढणारा एक कॅमेरा आणून दिला. पहिला महिनाभर त्यात फक्त आभाळ आणि तिचा अंगठा आला. मग दिवाळीच्या पाठीवर पाहुणी पाखरं उतरली, आणि बाई पायरीवरून हलेचना.

तोवर तिच्या लेखी सगळी बदकंच होती. आता तिला शेपटीला लांब टोक असलेली तलवार बदकं कळू लागली, भगव्या रंगाची चक्रवाकाची जोडी कळू लागली. तिचा सगळ्यात जीव बसला तो चांदव्यांवर. काळे, गोलमटोल, कपाळावर पांढरा ठिपका, आणि कायम एकमेकांना घासून गर्दी करणारे. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालेली माणसं कधी गाडी थांबवून तलाव पाहायला उतरायची, तीही तिला बदकवाली काकू म्हणायला लागली. तिला ते आवडायचं, फक्त कबूल करायची नाही.

पहिल्याच हिवाळ्यात देवीदासनं तिला एक जुनी युक्ती करून दाखवली. मोठं लाल मडकं घेतलं, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली, पालथं पडलेलं तरंगत राहावं म्हणून काठाला थर्माकोलची कडी बांधली. दोनचार दिवस ते नुसतंच पाण्यावर सोडून दिलं. पाखरं त्याला सरावली. मग एका सकाळी ते डोक्यात घालून गडी गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि हळूहळू पाखरांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. एकही पाखरू उडालं नाही. पूर्वी लोक असंच पाण्याखालून पाय धरून बदकं ओढायचे आणि सौंसरच्या बाजारात विकायचे. देवीदासला हे त्याच्या जयवंताकाकानं शिकवलं होतं.

सुशीलाबाईनं पायरीवरून त्याचे ढीगभर फोटो काढले. रात्री ते पाहताना शिवणाऱ्या बाईचा डोळा एका गोष्टीवर अडला. मडकं रिकामं होतं त्या दिवशीच्या फोटोत चांदवे त्याला खेटून बसले होते, एकानं तर वर मानही टेकवली होती. देवीदास खाली असताना तेच चांदवे निवांत चरत होते, पण मडक्याभोवती पाण्याचं एक मोकळं कडं होतं. सगळीकडून सारखी माया सोडल्यासारखं.

"फसत नाई थे," ती म्हणाली. "तुमच्या अंगाचा वास येते त्यायले. आंघोळ करत जा."

देवीदास हसला नाही. मडक्याचा विषय निघाला की त्याला जयवंताकाका आठवे, आणि मग तो हसत नसे.

त्याचं कारण सगळ्या बोरगावला माहीत होतं. जयवंता याच तलावात गेला. मडकं डोक्यात घालून सकाळी उतरला आणि मडकं पाखरांमध्ये जाऊन थांबलं. काठावर सगळं घर गोळा झालेलं. काय दम आहे पोराचा, असं म्हातारे म्हणत होते. कोणी मोठ्यानं बोललं की जयवंताची आई ओठांवर बोट ठेवायची, "हल्ला नोका करू. माहा जयवंता खाली हाये." ऊन कलेपर्यंत सगळी माणसं गप्प बसून एका मडक्याचं कौतुक करत राहिली. मग वारा सुटला आणि मडकं आपसूक काठाला आलं. उचललं तर खाली कोणी नव्हतं. जयवंता शिंगाड्याच्या वेलात सापडला. आईनं ते मडकं फोडू दिलं नाही. चुलीच्या धुरानं काळं पडलेलं ते मडकं तिनं स्वतः पुन्हा पाण्यावर सोडलं, आणि ते कुठं गेलं ते कोणी पाहिलं नाही.

देवीदासच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली घरातली गेलेली सगळी माणसं ओळीनं आहेत. जयवंता तेवढा नाही. त्याचा फोटोच कधी निघाला नव्हता. फोटोला सौंसरला जावं लागे आणि त्याला कायम उद्या जायचं असे.

तर यंदाच्या हिवाळ्यात, धुकं दाट पडायला लागलं त्या सुमारास, सुशीलाबाईच्या फोटोत ते काळं मडकं आलं.

आधी तिला ओंडका वाटला. मोठं करून पाहिलं तर दोन भोकं. तिनं मान वर करून तलावाकडे पाहिलं. पाखरं होती, धुकं होतं, मडकं नव्हतं. देवीदासचं लाल मडकं मोरीमागच्या खुंटीला टांगलेलं होतं, ते तिनं जाऊन पाहून घेतलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. डोळ्यांना काही नाही, फोटोत मात्र धुक्याच्या कडेला ते काळं, तिच्याकडे तोंड करून. कधी पळसाच्या बाजूला, कधी शिंगाड्याच्या वेलांपाशी. तिनं काच पुसली, पदरानं पुसली, चष्म्याच्या फडक्यानं पुसली. तिला भीती वाटली, आणि ती नवऱ्याला सांगून मोकळी झाली. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

देवीदासनं फोटो पाहिला आणि बराच वेळ कॅमेरा परत दिला नाही.

"थो काका होय, सुशीला. मले बोलावून राहिला."

"कोनी बोलावत नाई तुमाले. पेन्शनीच्या मानसाले कोन बोलावते?"

पण त्या दिवसापासून गडी पायरीवरून उठेना. ताटातली भाकर तशीच राहू लागली. बोलताना तो तिच्याकडे न पाहता पाण्याकडे पाहायचा. "खाली कोन उभं हाये, थे एकदा पाह्यलं पाह्यजे," एवढंच म्हणायचा. सुशीलाबाई रागावली, रडली, पोराला फोन करून बोलावीन म्हणाली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिनं कॅमेरा तांदळाच्या डब्यात लपवला, म्हणजे फोटोच नकोत. मग मोरीमागं जाऊन ते लाल मडकं फोडायला तिनं बत्ता उचलला. या असल्या गोष्टी आपण मानत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी नवरा जिवंत असताना मडकं फोडायचं, या विचारानं तिनं बत्ता खाली ठेवला. तिनं ते माळ्यावर गोधड्यांमागं ढकललं आणि खाली उतरली.

चार दिवसांनी तिला जाग आली तेव्हा शेजारची जागा गार होती. माळ्यावरच्या गोधड्या खाली पडल्या होत्या.

बाहेर उजाडलं होतं, पण धुक्यानं पलीकडची बाग पुसून टाकली होती. पायरीवर देवीदासच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. तिनं डब्यातून कॅमेरा ओढला, तांदूळ सांडले, आणि काचेतून पाणी धुंडाळू लागली. तिच्या डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याला लांबचं दिसायचं. पाखरांच्या मधोमध लाल मडकं दिसलं. उभं, शांत. तिच्या जिवात जीव आला. सवयीनं बोट दाबलं गेलं, फोटो निघाला.

हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. पाखरं एकदम उठतील, हा दचकेल, पाय घसरेल. येऊ दे आपला आपण, मग सोलून काढते, असं ठरवून ती पायरीवर बसली आणि मडक्यावर नजर लावून राहिली. मडकं जरा डावीकडे सरकलं तर तिला वाटलं, बरं, हलतोय. थांबलं तर वाटलं, दम घेतोय. आपण नेमकं काय करत आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. याच काठावर, याच जागी, एक अख्खं घर असंच बसलं होतं.

मग एक चांदवा पोहत आला आणि मडक्याला घासून थांबला. त्याच्यामागून दुसरा. तिसऱ्यानं चोच पुसली मडक्यावर.

सुशीलाबाई पाहत राहिली. मडक्याभोवती माया नव्हती. बोटभरही नव्हती.

कॅमेरा डोळ्यावरून न काढता तिनं सगळं पाणी पाहिलं, आणि शिंगाड्याच्या वेलांपाशी तिला ते सापडलं. चांदव्यांची गर्दी होती आणि गर्दीच्या मधे गोल, मोकळं पाणी. त्यात काही नव्हतं. ना मडकं, ना डोकं, ना हात. पाखरं त्या गोलाला वळसा घालून जात होती. तिचं बोट पुन्हा दाबलं गेलं असावं, तिला आठवत नाही.

ती जी ओरडली ती बागेच्या पार ऐकू गेली. सगळा तलाव एकदम उडाला. शिंगाडेवाल्यांची ट्रॅक्टरची ट्यूब काठाला पडलेली होती, ती कवटाळून बाई लुगड्यासकट पाण्यात शिरली. पोहता येत नव्हतं. पाखरं उडाल्यामुळे आता कडंही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं धुकं आणि खाली काळं पाणी. जिथं पाहिलं होतं त्या रोखानं ती पाय मारत गेली आणि वेलांत हात घालून चाचपत राहिली. हाताला केस लागले. वेलांच्या पानांत एक नाक आणि कपाळ वर होतं, हिरवं, ओळखू न येणारं. तिनं ते केस मुठीत धरले आणि जन्मात ओढलं नसेल इतक्या जोरानं ओढलं. तोवर बागेचा रखवालदार उत्तम दोर घेऊन धावत आला. दोघांना त्यानंच काठाला घेतलं.

दुपारपर्यंत देवीदासचे दात वाजत होते. सगळ्या गोधड्या त्याच्यावर होत्या, शेजारी शेगडी होती, आणि सुशीलाबाई त्याचे तळपाय चोळत होती आणि तोंडानं त्याचा उद्धार करत होती. वेलात पाय अडकला, झटका दिला तसं मडकं डोक्यावरून निघून गेलं, एवढं त्यानं सांगितलं. मग त्यानं विचारलं,

"तू केव्हा धरलं मले?"

"केव्हा म्हंजे? आल्याबरोबर धरलं. केसाले."

"त्याच्या आंधी कोनी धरलं होतं?"

"वेल होते शिंगाड्याचे."

"वेल खाली ओढून राहिले होते," देवीदास म्हणाला. "तिथं बुड नाई लागत, मले मालूम हाये. पन माह्या पायाखाली खांदे होते. मानसाचे. त्याच्यावर उभा होतो मी, म्हनून नाक वर राह्यलं."

"ताप हाये तुमाले. झोपा."

तो झोपल्यावर ती पायरीवर गेली. कॅमेरा चिखलात पडला होता, पण चालू झाला. पहिल्या फोटोत लाल मडकं होतं आणि त्याला खेटलेले चांदवे. त्यातच दिसायला हवं होतं, आपणच पाहिलं नाही, म्हणून तिनं स्वतःला एक शिवी दिली. मग शेवटचा फोटो आला. शिंगाड्याचे वेल, चांदव्यांची गर्दी, मधे पाण्याचं मोकळं कडं. ते कडं तिनं डोळ्यांनी रिकामं पाहिलं होतं. फोटोत ते रिकामं नव्हतं. त्याच्या बरोबर मध्यावर काळं मडकं होतं, पाण्याबाहेर पुरतं आलेलं, दोन्ही भोकं तिच्याकडे. आणि त्याच्याभोवती सगळीकडून सारखी माया सुटलेली होती.

संध्याकाळ होईपर्यंत ती तिथंच बसून राहिली. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त त्या माणसाची दया आली. इतकी वर्षं त्या गार पाण्यात, आणि काठावरचं कोणी उठून आत गेलं नव्हतं.

त्यानंतर कुठल्याही फोटोत ते मडकं आलं नाही. ती अजून रोज पाहते. देवीदास आता पायरीच्या खाली उतरत नाही, आणि दळण मात्र न सांगता आणून देतो. पौर्णिमेला घरी वंदना झाली. रोशन आला, सून पल्लवी आली, मेणबत्त्या लावल्या. तेव्हा भिंतीवरच्या ओळीत एक नवी तसबीर लागली. सौंसरच्या फोटोवाल्यानं विचारलंही होतं, बाई, यात माणूस कुठं आहे, हे मडकं कशाला फ्रेम करता. ती म्हणाली, तुम्ही फ्रेम करा.

आता घरी कोणी नवीन आलं की भिंतीवरची ओळ पाहता पाहता तिथं थबकतं. तसबिरीत नुसतं पाणी, पाखरं आणि एक पालथं काळं मडकं पाहून विचारतं, हे काय?

"आमचे काकासासरे," सुशीलाबाई सांगते.

पाहुणा मडक्याकडे पाहतो, मग तिच्याकडे पाहतो, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. ती उठून काचेवर बोट ठेवते, मडक्यावर नाही, त्याच्याभोवतीच्या मोकळ्या पाण्यावर.

"खाली हायेत थे," ती म्हणते. "पाखरायनं जागा सोडली, पाहा."