चिमणीची चोच आणि आमचा कूलर

चार लोकांसमोर आमची दुसरीतली सई तोंड उघडत नाही, म्हणून मी तिच्यासाठी सेकंदांचं वेळापत्रक बनवलं.

निमित्त शाळेचं. पालक आणि मुलानं मिळून एक गोष्ट वाचायची, त्यातलं काहीतरी घरी करून पाहायचं आणि शनिवारी सगळ्यांसमोर तीन मिनिटं सांगायचं. साठ सेकंद मी, एकशेवीस सई. तिची वाचा बसली तर? या विचारानं माझी झोप उडाली होती.

गोष्टीतली चिमणी आटलेलं तळं चोचीचोचीनं भरते. तिसऱ्या पानावर मी थांबलो.

"सई, एक चोच म्हणजे एक चमचा, पाच मिलिलिटर धरू." (एवढी मोठी चोच चिमणीला कुणी दिली नसेल!) तळं म्हणून आमचा साठ लिटरचा कूलर घेतला. म्हणजे बारा हजार चमचे!

"बाबा, पुढचं पान त पाहा!"

"मोजणी मोडू नकोस! अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद..."

आतून बायको ओरडली, "अहो, कूलरचा पाइप काहून बंद केला? जीव उकडून राहिला ना इथं!"

"शाळेचा उपक्रम सुरू आहे!"

"मग आज जेवणही चमच्यानं मोजूनच वाढते!"

दहा मिनिटांत दोनशे चमचे, एक लिटर. साठ लिटरला सलग दहा तास! मी तक्त्यावर निष्कर्ष लिहिला : एकट्या चिमणीला हे जमणे नाही.

शनिवारी समोर त्रेसष्ट पालक होते. सईचा हात घामानं भिजला होता. (तो घाम माझा होता, हे नंतर कळलं.) मी अठ्ठावन्न सेकंदांत निष्कर्ष ठणकावला.

"छान!" मॅडम म्हणाल्या. "मग शेवटी चिमणी काय करते?"

शेवटी? पुस्तक सोळा पानांचं, मी तिसऱ्यावर! तोंड उघडलं, आवाज येईना. पाच सेकंद... अकरा सेकंद... सईनं माझ्याकडे पाहिलं आणि माइक ओढून घेतला.

"चौथ्या पानावर बाकीचे पक्षी येतात ना तिच्या मदतीले! मी बाबाले सांगून राहिली होती, पण ते मोजूनच राहिले होते!"

सगळे खो-खो हसले. सई पुढे साडेचार मिनिटं बोलली; वेळापत्रक कोलमडलं!

सोमवारी शाळेतून शेरा आला : 'मूल धीट आहे. पालक सर्वांसमोर घाबरतात. घरी रोज एक पान वाचून घ्यावे.'

खाली पालकाची सही हवी होती. ती सईनं केली.