औषधं दाखवून जा

"रेशनचं खायची सवय तुम्हा लोकांना. आता गोळ्याही रेशनच्या का?"

असं म्हणून डॉक्टरांनी माझी गोळ्यांची पाकिटं टेबलावरून ढकलली. ती खाली पडली. मी वाकून उचलली. दार उघडंच होतं. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना सगळं ऐकू गेलं. कुणीतरी हसलं.

मी मूळची जळकोटची. नवरा गेल्यावर लातूरला आले. एकटीच राहते. डॉक्टर व्हायला आलेली पोरं जिथं जेवतात, त्या मेसमध्ये पोळ्या लाटते. बीपी निघालं तेव्हा या दवाखान्यात गेले. केसपेपरवरचं आडनाव वाचलं आणि तुम्हीचं तू झालं. तेही मी गिळलं. गिळायची सवय आम्हाला लहानपणापासून लावलेली.

तिथली रीत अशी, की औषधं घ्यायची आणि डॉक्टरला दाखवून जायचं. आधी मला ती माया वाटली. एकट्या बाईच्या गोळ्या कुणीतरी बघतंय, एवढ्यानंही बरं वाटायचं. नंतर कळलं, दवाखान्याखालच्या त्यांच्याच मेडिकलातून घेतल्या का, तेवढंच बघायचे. तिथल्या महाग, मला झेपेनात. म्हणून चौकातल्या जेनेरिकच्या दुकानातून आणल्या होत्या. दुकानदार म्हणाला होता, "मावशी, औषध तेच हाय. कंपनी तेवढी येगळी."

पण डॉक्टरांनी ह्या खाऊ नको म्हणून बजावलं, तेव्हा त्या दिवशी मी मुकाट खाली उतरले आणि महागाच्या घेतल्या. मग पुरवून पुरवून खाल्ल्या. एक दिवस घ्यायची, एक दिवस नाही. एका सकाळी कणीक मळताना डोळ्यांपुढं अंधारी आली. परातीशेजारीच पडले. जाग आली तेव्हा जवळ कुणी नव्हतं. कणकेवर माशा बसल्या होत्या. पडल्या पडल्या रडू आलं. मग राग आला. आजवर यायचा तो माझ्या नशिबाचा. त्या दिवशी आला तो त्या डॉक्टरांचा.

सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटं शेजारी धरून वाचली. "औषध एकच आहे. स्वस्तातली घ्या, पण रोज घ्या."

मग मी परत त्या दवाखान्यात गेले. जेनेरिकच्या गोळ्या त्याच टेबलावर ठेवल्या.

"साहेब, ह्या खाऊ नको म्हनता ना? तसं लिहून द्या. खाली सही करा."

पेन त्यांच्या हातातच होतं.

"तू दुसरा डॉक्टर बघ."

"बघितला. तुमचं लिहून घ्यायला आले."

त्यांनी लिहिलं नाही. घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. बाहेर बाकड्यावर आमच्याच गल्लीतली एक बाई होती. रोज बोलणारी. तिनं मोबाईलमध्ये डोकं घातलं. घरापर्यंत मी एकटी चालत आले.

आता दुपारच्या पोळ्या आटोपल्या की मी त्या बाकड्यावर जाऊन बसते. कंपाउंडर उठवतो. मग पायरीखाली, रस्त्यावर बसते. तिथून तो उठवू शकत नाही. औषधाचं नाव पाठ केलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना पाकीट दाखवते, नाव सांगते, हेच स्वस्तातलं चालतं का, डॉक्टरला विचारा म्हणते. बाया तोंड फिरवतात. शेजारी कुणी बसत नाही. त्याचं वाईट वाटतं, लई वाटतं.

पण औषधं दाखवून जायची रीत त्यांचीच. ती मी मोडणार नाही.