आधी तुमचे खिसे

डांबरगोळ्यांचा वास आला की आईची लोखंडी ट्रंक आणि बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. वडील लोणावळ्यात एका बंगल्यावर वॉचमन होते. तिथलं एक घड्याळ चोरीला गेलं आणि चार पोलीस झडतीला कुरवंड्यात आमच्या घरी आले. वॉरंट कुणाकडेच नव्हतं. वडील मान खाली घालून बाजूला झाले, पण आई उंबऱ्यातून हलली नाही. "कागद न्हाई, तर दोन पंच आना. आन् आदी तुमचे खिसे दाखवा," ती म्हणाली. हवालदार हसला. "मावशी, आम्हाला कायदा शिकवता?" "न्हाई, भाऊ. माहेरी मी पंच व्हते, तवा पोलिसांनी आदी सोताचे खिसे दाखवलं व्हतं. उद्या माज्या ट्रंकंत घड्याळ निघालं, तर चोर आमीच ठरू." अंगणात माणसं जमली होती. शेवटी दोन शेजारी पंच झाले आणि चौघांनी खिसे उलटे केले. मी मोजले, सोळा. मग ट्रंकेतून आईची लुगडी, वडिलांची पत्रं, सगळं ओसरीवर आलं. घड्याळ नव्हतंच. "काय गावलं न्हाई, आसं लिवा, आन् एक नक्कल मला द्या," आई म्हणाली. त्यांनी लिहिलं. वडिलांची नोकरी टिकली. ट्रंक आता माझ्याकडे आहे आणि तळाशी ती नक्कल आहे, दोन पंचांच्या सह्या आणि आईचा अंगठा असलेली. कागदाशिवाय आलेल्या चौघांकडून आईने जाताना कागद घेतला होता.