बडे बाबूंचं अंड्यावरचं भाषण

तमाम जनतेस या प्रकटनाद्वारे कळविण्यात येते की, उकडलेले अंडे हे प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे आणि सूड यांचा उत्तम स्रोत आहे. पहिल्या तिन्हींबद्दल डॉक्टरांना विचारावे. चौथ्याची माहिती माझ्याकडे आहे, आणि ती मी इतकी वर्षं मुरांब्यासारखी जपून ठेवली आहे.

तेव्हा मी झरी जामणीला एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. मूळचा दारव्ह्याकडचा. बदली झाली तशी आई सोबत आली, आणि आईसोबत बांबूच्या डालग्यात बसून पाच कोंबड्या आल्या. एसटीच्या कंडक्टरने त्यांचं तिकीट मागितलं तेव्हा आई म्हणाली, "त्या कोनाच्या सीटवर बसल्या काय, बापू?" कंडक्टरने डालग्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तो पुढे सरकला.

कापसाची वाईट वर्षं चालली होती. ऑफिसात दिवसभर आम्ही करपलेल्या पऱ्हाटीचे नाहीतर अळीने पोखरलेल्या बोंडांचे पंचनामे लिहायचो. आई म्हणायची, "पऱ्हाटीचा भरवसा नाई राह्यला. कोंबडी तरी रोज हिशेब देते." ती अंडी आठवडी बाजारात विकायची. घरात अंडं फुटायचं ते फक्त पाहुणा आला तर.

त्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. उठलो तेव्हा ऑफिसच्या सहा पायऱ्या चढताना मध्ये एकदा थांबावं लागायचं, आणि भांग पाडला की कंगव्यात निम्मा भांग यायचा. डॉक्टरांनी आईला सांगितलं, "ताप मी उतरवला. आता याची झीज भरून काढायची तर रोज दोन अंडी द्या." त्या दिवसापासून आईने बाजारात जाणं बंद केलं. माझ्या डब्यात पोळी, भाजी आणि सोललेली दोन अंडी, वर मीठ-तिखट.

आता ऑफिसातलं जेवण सांगतो. दुपारी एक वाजता तीन टेबलं जोडायची, वर जुना पेपर अंथरायचा आणि पाच डबे उघडायचे. कोणाची भाजी कोणाच्या पोळीला लागली याचा पत्ता नसायचा. टेबलाच्या वरच्या टोकाला बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, बसायचे. यवतमाळचे, तीन पिढ्या कारकुनीत गेलेल्या घरातले, कपाळाला अष्टगंध, आणि नाक असं की फाइलवर झुरळ कोणत्या साली फिरलं तेही त्यांना वासावरून कळावं.

पहिल्याच दिवशी मी डबा उघडला आणि बडे बाबूंचा घास थांबला.

"हा कशाचा वास?"

"अंडं आहे, साहेब. डॉक्टरांनी सांगितलं."

त्यांनी टेबलावरची फूटपट्टी उचलली. हात न लावता, पट्टीच्या टोकाने माझा डबा ढकलत ढकलत कडेला नेला. डबा कलंडला. दोन्ही अंडी फरशीवर पडली आणि एक घरंगळत कपाटाखाली गेलं.

"असं करा," ते अगदी मायेने म्हणाले, "उद्यापासून सायकल स्टँडपाशी जेवत जा. आजारी माणसाला मोकळी हवा बरी."

बाकीचे तिघं आपापल्या पोळीकडे पाहत राहिले. हे तिघं मला दर रविवारी मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत भेटायचे. म्हणून वास अंड्याचा होता की आमच्या घराण्याचा, हे मी विचारलं नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे असे प्रश्न विचारत नाहीत, वेळ आली की उत्तर देतात.

संध्याकाळी आईने विचारलं, "सारे संगं बसून जेवता नं?"

"हो," मी म्हणालो.

त्या एका 'हो'चा मला जेवढा राग आला, तेवढा पट्टीचाही आला नव्हता. मी तिथल्या तिथे ठरवलं: त्या टेबलावरची माझी जागा परत घ्यायची, अंड्यांसकट. आणि अंडं चांगलं असतं, हे याच माणसाच्या तोंडून चारचौघांत ऐकायचं.

पुढचे नऊ महिने मी सायकल स्टँडपाशी, निंबाखाली, एका मोडक्या बाकावर जेवलो. अंड्यांनी आपलं काम चोख बजावलं. दोन महिन्यांत मी सहा पायऱ्या न थांबता चढू लागलो. डोक्यावर केस परतले. सायकल मारताना मांड्या थरथरत नव्हत्या. डोकंही तल्लख झालं, आणि ते सगळं मी एकाच विषयावर खर्च केलं. सूड घ्यायला अंगात ताकद लागते. अशक्त माणूस फार लवकर माफ करून टाकतो.

मग वरून आदेश आला. कापसावर विसंबू नका, जोडधंदा करा, अशी तेव्हा सरकारची हाक होती. प्रत्येक कार्यालयाने एक गाव घ्यायचं, निवडक घरांना कोंबडीची पिल्लं वाटायची आणि 'आहारात अंड्याचे महत्त्व' या विषयावर भाषण द्यायचं. आमच्या वाट्याला जंगलातला एक कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती, आला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आमच्या कार्यालयाच्या मुख्य साहेबांना दोन दिवसांच्या मीटिंगसाठी जिल्ह्याला जावं लागलं. त्यांच्या खालोखाल कोण? बडे बाबू.

"माझ्याऐवजी दुसरं कोणी..." बडे बाबूंनी म्हणून पाहिलं.

"तुमच्यासारखं वाचन कोणाचं आहे?" साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

भाषण लिहायचं काम अर्थातच कनिष्ठ लिपिकाकडे आलं. आणि इथे बडे बाबूंची एक सवय सांगायला हवी. खालच्याने लिहिलेला कागद ते कधीही आधी वाचत नसत. "मसुदा वाचायचा म्हणजे माणसावर अविश्वास दाखवायचा," असं त्यांचं तत्त्व होतं. खरं कारण आळस. माझ्या नऊ महिन्यांच्या तपश्चर्येला देवाने असं फळ दिलं, आणि देवाशी माझे संबंध फारसे नसताना दिलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

मी ते भाषण मन लावून लिहिलं. त्यात खोटं जवळजवळ काही नव्हतं.

पोडावर मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकली होती आणि बडे बाबूंसाठी एक बाक मांडला होता. पन्नास-साठ माणसं, पुढे बाया, त्यांच्या मांडीवर लेकरं. टोपल्यांत पिल्लं चिवचिवत होती. बडे बाबूंनी घसा साफ केला, माझा कागद उलगडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बंधू-भगिनींनो, अंडं हे गरिबाचं टॉनिक आहे. अंड्यातल्या प्रथिनांनी शरीराची झीज भरून येते. पिवळ्या बलकातल्या जीवनसत्त्वांमुळे नजर चांगली राहते, हाडं मजबूत होतात. बलक फेकू नका. गर्भार बाईला, बाळंतिणीला, वाढत्या लेकराला आणि तापातून उठलेल्या माणसाला अंडं जरूर द्या. दुधात पाणी घालता येतं, अंड्यात कोणाला काही घालता येत नाही. कच्चं खाऊ नका, नीट उकडून खा. कोणाला डॉक्टरांनी मनाई केली असेल, तर त्याने डॉक्टरांचं ऐकावं."

मी मागे उभा राहून एकेक वाक्य कानात साठवत होतो. तापातून उठलेला माणूस, हे त्यांच्याच तोंडून. माझे तीन सहकारी माझ्याकडे वळून पाहू लागले होते. बडे बाबू आता रंगात आले होते. त्यांनी पान उलटलं.

"काही शिकलेले लोक अंड्याला नाक मुरडतात. अशा लोकांची मला कीव येते. मी स्वतः रोज दोन अंडी..."

ते थांबले. पण वाक्याचा शेवट कागदावर होता, आणि तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी समोरचा कागद कधी अर्धा वाचून सोडला नव्हता.

"...खातो," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात मी.

माझा बेत इथपर्यंतच होता. पुढचं मी रचलेलं नाही, शप्पथ. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. पोडावर तिचा शब्द चालायचा, हे बाकीच्यांनी तिला सरकून वाट दिली त्यावरून कळलं.

"साहेब, तू बोलला ते बेस बोलला. आमी अंडे इकतो, लेकराईले देत नाई. दहा साहेब येऊन सांगून गेले. खाऊन कोनं दाखवलं नाई."

ती झोपडीत गेली. मागे चुलीवर पाण्याचं पातेलं होतंच. आम्ही वाट पाहत बसलो. बडे बाबू मला हळूच म्हणाले, "तुम्ही काय लिहून ठेवलं हे?"

"मसुदा होता, साहेब. तुम्ही बघाल असं वाटलं."

"माझ्या घरी कळलं तर?"

"इथं तर मोकळी हवाच आहे, साहेब."

म्हातारी पळसाच्या पानावर दोन गरम अंडी घेऊन आली. सोबत मिठाचे चार खडे. तिने पान बडे बाबूंच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर उकिडवी बसली. "रोज दोन खाते म्हनलास. हे दोनच हायेत. तू खाल्लं का पोराईले बी देतो."

सगळा पोड पाहत होता. अष्टगंधावर घाम आला होता. मी मनाशी तयार होतो: आता हा माणूस नाक दाबेल, ओकारी येईल, उठून रस्त्याकडे पळेल, आणि मी ते दृश्य म्हातारपणापर्यंत पुरवून पुरवून वापरीन.

पुढच्या सोमवारी मी डबा घेऊन टेबलाशी बसलो आणि माझा डबा कोणी हलवला नाही, हे इथेच सांगून टाकतो. आईलाही त्या संध्याकाळी खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "नऊ महिने?" आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

पण मला आठवतं ते मोहाखालचं. बडे बाबूंनी अंडं उचललं. रुंद बाजू बाकाच्या कडेवर एकदाच टिचकवली. दोन्ही तळव्यांमध्ये ते हलकेच फिरवलं. मग अंगठा घातला आणि आतल्या पापुद्र्यासकट अख्खं टरफल एका ओढीत उतरवलं. पांढऱ्यावर ओरखडा नाही. आई आयुष्यभर अंडी सोलत आली, तिलाही इतकं सुबक जमत नव्हतं. माझे तिघे सहकारी तोंड उघडं ठेवून पाहत होते. बडे बाबूंना आमचं भान राहिलं नव्हतं. त्यांनी अंड्याचे सरळ दोन भाग केले, पानावरच्या खड्यांकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि म्हातारीला म्हणाले,

"काळं मीठ नाई काय वं, आजी?"