सुभेदारांची काशाची वाटी

"अंग ढिलं सोडा! ही काय परेड न्हाई!" असा दम ते इतक्या कडक आवाजात द्यायचे, की चटयांवर निजलेली मंडळी आणखीच ताठ व्हायची.

मुलांनो, हे साताऱ्याच्या आमच्या कॉलनीतले निवृत्त सुभेदार. आता ते माधवनगरला लेकीकडे असतात. नोकरीत डोंगरावर असताना त्यांनी एका मठाजवळच्या दुकानातून काशाची जाड वाटी आणली होती. काठावरून लाकडी दांडी फिरवली की तिच्यातून खोल, लांबत जाणारा नाद निघे. तुम्ही तिकडे फोनवर असले आवाज लावून झोपता, असं तुमची आई सांगते. आम्ही रोज सकाळी कॉलनीच्या सभागृहात त्यांच्या नाद ऐकायच्या वर्गाला जमायचो. मी शेजारी बसून माझा मिरजेचा तंबोरा छेडायची. पाचेक मिनिटांत कोणीतरी घोरू लागे. "बाई, एक गेला!" सुभेदार खुशीत माझ्या कानाशी पुटपुटायचे.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, दारातून टोमणा मारायच्या, "आवं, गावाला झोपवताय आन् घरी घोरून मला जागं ठेवताय!"

"मग ये की ऐकायला."

"भाकऱ्या कोण थापणार? तुमची वाटी?"

पुढे वहिनींना पोटाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. औषधांनी दुखणं थोडं दबे, झोप मात्र येत नसे. सुभेदारांनी वर्ग बंद केला. इतक्या लोकांना झोप लागली, मग हिलाही लागणारच, याची त्यांना खात्री होती. त्यांनी मला तंबोरा घेऊन बोलावलं.

नाद खोलीभर पसरला आणि वहिनींनी कानांवर हात घेतले. "बंद करा! डोक्यात घण बसल्यागत हुतंय."

"हळू वाजवतो. जरा ऐक तरी."

"नगं म्हणते न्हवं!"

त्यांचा हात जागीच थांबला. मी तंबोरा भिंतीला टेकवला.

मग वहिनीच म्हणाल्या, "काशाचीच हाय न्हवं ती? तळपायाला घासा की, तूप लावून. माझी आय घासायची."

सुभेदार पायथ्याशी बसले. वहिनींचा पाय मांडीवर घेतला, तूप लावलं, वाटी पालथी धरली. घासता घासता तूप काळं झालं आणि वहिनींचा डोळा लागला.

त्यानंतर ते रोज दुपारी घासत बसत. कधी त्या झोपत, कधी नुसत्या छताकडे बघत.

"हात भरून येतील तुमचं."

"येऊ देत."

वहिनी गेल्या तेव्हा आंघोळ घालायला आम्ही बायका होतो. तळपायांच्या भेगांत काळं बसलं होतं. मी साबण लावून चोळू लागले, तरी ते निघेना. शेजारीण म्हणाली, "जोरानं घासा, बाई."

पडद्याआडून सुभेदारांचा आवाज आला.

"नगा, बाई. दुखंल तिला."